रक्ताच्या माणसाचं माप

अमृतसर,
चैत १२, संवत १९२१

सरनू हकीम, कांगडा, यांस गोकलचंदचा राम राम.

आपली ओळख नाही, पण ज्याचे नाक गेले त्याने कांगड्याची वाट धरावी, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी धाकटी बहीण बिशनी हे पत्र घेऊन येत आहे. सोबत आमची विधवा मामी आहे. बिशनी बावीस वर्षांची. आईबाप लवकर गेले, मीच तिला खांद्यावर खेळवून वाढवले. आम्ही मूळचे सुजानपूरचे. मी इथे एका पश्मिन्याच्या कोठीत मुनीम आहे आणि लग्नानंतरही ती बहुतेक माझ्याकडेच असते, कारण तिचा नवरा रलिया पेशावरला पलटणीत शिपाई आहे.

माघात तो रजेवर आला होता. कुणीतरी त्याचे कान भरले आणि रागाच्या भरात त्याने हे केले. आता त्याला पश्चात्ताप झाला आहे आणि पुढच्या रजेत तो तिला नांदवायला नेणार आहे. तोपर्यंत तिचा चेहरा माणसात आणावा, एवढीच विनंती.

त्या दिवसापासून ती एक शब्द बोललेली नाही. आपणही तिला फार विचारू नये. काय लागेल ते मामी सांगेल.

आपला,
गोकलचंद


कांगडा,
चैत २३

लाला गोकलचंद यांस सरनू हकीमाचा आशीर्वाद.

बिशनी पोचली. मामीही पोचली, आणि तिसऱ्या दिवशी मी तिला परतीच्या खेचरावर बसवून दिलं. मी पोरीला विचारावं ‘दुखतं का?’ आणि मामीने सांगावं ‘फार नाही.’ माझ्या घरात रोग्याच्या वतीने कण्हायला दुसरं माणूस लागत नाही. राग मानू नका. माझी बायको परसिन्नी तिची काळजी घेते आहे. पोर भात आणि माहाची, म्हणजे उडदाची, डाळ खाते, अंगणात बसते, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेते. बोलत मात्र नाही.

तुम्ही लिहिलंत, फार विचारू नका. मी विचारतच नाही. आम्ही कंघियारे, पिढ्यान्‌पिढ्या नाकं करणारे; आमच्या घरात नियम आहे: नाक कशाने कापलं ते विचारायचं, कुणी कापलं ते नाही. माझा बाप म्हणायचा, कापणारा बहुतेक वेळा उशाशीच बसलेला असतो, त्याला विचारून पळवून लावलंस तर रोग्याला पाणी कोण पाजणार? खरंच आहे ते. गेल्या महिन्यात तीन बायका आल्या. दोघींना त्यांच्या नवऱ्यांनीच आणलं होतं. एक तर बायकोच्या तोंडावरच्या माश्या वारत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ‘फार गुणाची आहे हो.’ तुमचा रलिया त्याच जातकुळीतला दिसतो. असो.

तर मला दोन गोष्टी हव्यात. एक, हत्यार कोणतं होतं, आणि घाव वरून आला की खालून. जखम आता भरली आहे, तिच्यावरून नीट कळत नाही, आणि ती कडा मला पुन्हा ताजी करायची आहे.

दुसरी, तुमचं नाक. घाबरू नका, फक्त माप. गेलेलं नाक कसं होतं हे कुणी सांगू शकत नाही. विचारलं की सगळे सुंदर नाकाचंच वर्णन करतात. म्हणून आम्ही रक्ताच्या माणसाचं माप घेतो. दुसरं कुणाचं आम्ही लावत नाही. परक्याचं नाक मांस धरतं, चेहरा धरत नाही. कुंभाराकडून चाळलेली माती आणा, नाकाला तूप लावा, तोंडाने श्वास घेत नाक मातीत दाबा, आणि साचा सावलीत वाळवून कोंड्यात बांधून पाठवा. त्यात मेण ओतायचं काम माझं.

सरनू


अमृतसर,
बैसाख २

हकीमजी,

साचा पाठवत आहे. पहिले दोन बिघडले, हा तिसरा. नोकरांना वाटले, मालकाला वेड लागले.

एक शंका आहे. माझे नाक ओबडधोबड आहे. पसरट, टोक खाली झुकलेले, आणि डावी नाकपुडी उजवीपेक्षा मोठी. बिशनीचे आईवर गेले होते, बारीक आणि सरळ. दुसऱ्या कुणाचे चालत असेल तर बरे. तिच्याच वयाच्या एखाद्या बाईचे घ्यावे. मी त्या बाईला साडीचोळी द्यायला तयार आहे. आणि माझेच घेणे भाग असेल, तर निदान ते कुणाचे हे तिला सांगू नये.

हत्याराचे विचारलेत. बोरू तासायचा चाकू. पाते दोन बोटांचे, त्याच दिवशी धार लावलेली. घाव वरून खाली. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी तिने मान फिरवली म्हणून उजव्या गालावर तो ओरखडा आहे. नाहीतर गालाला काही झाले नसते.

तिचे काम लवकर करावे.

गोकलचंद


कांगडा,
बैसाख २०

लालाजी,

काम झालं. आधी तुमच्या शंकेचं सांगतो. तुमच्या नाकाला तुम्ही उगीच नावं ठेवता. असल्या नाकाची माणसं मी दरबारात बसलेली पाहिली आहेत. आणि साडीचोळी देऊन नाक आणायला ही काही सोयरीक नाही. तुमचंच घेतलं.

दहा तारखेला सकाळी, ऊन चांगलं अंगणात आल्यावर, तिला दारूत अफू दिली. तुमच्या साच्यातून काढलेलं मेणाचं नाक उकलून सपाट केलं, तिच्या कपाळावर उलटं ठेवलं, टोक केसांकडे, आणि काजळाने कड आखली. मग वस्तऱ्याने त्या कडेने कपाळाचं कातडं उचललं. भुवयांच्या मध्ये देठ ठेवला, तेवढा कधी कापायचा नाही, त्यातूनच रक्त येतं. त्या देठावर ते कातडं फिरवून खाली आणलं, कडा जुळवल्या, आणि तुपात भिजवलेले कापसाचे दोन बोळे आत बसवले. पोर हलली नाही. मी चाळीस वर्षं हे करतो आहे, धिप्पाड शिपाई आईला हाका मारतात. ही हलली नाही.

तीन दिवस नाक जांभळंकाळं होतं. त्या तीन दिवसांत मी कुणाशी धड बोललो नाही, परसिन्नीला विचारा. चौथ्या दिवशी लाली आली. आता ते जगणार. महिनाभर देठ तसाच राहील, मग कापायचा. तोवर एक गंमत असते: माशी नाकावर बसते आणि रोगी कपाळ खाजवतो. ते कातडं अजून स्वतःला कपाळच समजत असतं. या गमतीवर सगळे रोगी हसतात. ही हसली नाही.

पण बोलली! सहाव्या दिवशी. बोळ्यांमुळे आवाज घागरीतून आल्यासारखा. परसिन्नीला म्हणाली, “काकी, हे कुणाचं?”

परसिन्नी म्हणाली, “तुझंच गं. तुझ्याच कपाळाचं.”

“माप कुणाचं?”

“तुझ्या भावाचं. दुसऱ्या कुणाचं असणार? बिचाऱ्याने तीन-तीनदा मातीत तोंड घातलं म्हणे तुझ्यासाठी.”

तुम्ही सांगू नका म्हणाला होतात, पण ही बाई माझं कधी ऐकत नाही. ते ऐकलं आणि पोरीने भिंतीकडे तोंड केलं. कुशीवर वळायची सक्त मनाई आहे, तरी वळली. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. नुसती डोळ्यांतून पाणी काढत होती. माया अशी असते, लालाजी. नवऱ्याने कापावं आणि भावाने आपल्या चेहऱ्यातलं द्यावं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं. तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

सरनू


अमृतसर,
बैसाख २९

हकीमजी,

आपले पत्र पोचले. ती आणखी काही बोलली का? बोलली असल्यास जसेच्या तसे कळवावे.

रलियाला अचानक रजा मिळाली आहे आणि तो परस्पर आपल्याकडे येत आहे. मला कालच समजले. कृपा करून त्याच्यापाशी झाल्या गोष्टीचा विषय काढू नये. त्याला फार शरम वाटते. लोकलाजेस्तव तो कदाचित म्हणेल की पठाणकोटच्या वाटेवर लुटारूंनी नथीसाठी हे केले. आपण नुसती मान डोलवावी. दोघांना एकटेही फार वेळ बसू देऊ नये, ती अजून अशक्त आहे.

गोकलचंद


कांगडा,
जेठ १४

गोकलचंद,

या पत्राला आशीर्वाद नाही.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी रलिया आला. उंच, काळासावळा, पायांत पलटणीचे जोडे. गाठोड्यात पेशावरचे बदाम, आणि चांदीच्या डबीत नवी नथ. वाकून माझ्या पाया पडायला लागला. मी पाय मागे घेतले. मला पढवणारं तुझं पत्र आधी आलं असतं तर कदाचित मान डोलावली असती, पण आलं नव्हतं, आणि माझी जीभ तशीही ताब्यात नसते.

मी म्हटलं, “कापताना हात थरथरला नाही, आणि आता बदाम घेऊन आलास होय रे?”

तो म्हणाला, “काय म्हणता, बाबा?”

“बायकोचं नाक कापलंस ते.”

त्याने खिशातून रजेचा कागद काढून पुढे केला. “बाबा, अडीच वर्षं झाली, मी पेशावर सोडलेलं नाही. ही पहिली रजा. तिला लुटारूंनी... गोकलदादाने लिहिलं होतं मला.”

तुझं बोरूच्या चाकूचं पत्र तेव्हा मला आठवलं. शिपायाजवळ बोरूचा चाकू कुठला, हे मला बैसाखातच कळायला हवं होतं. पातं किती बोटांचं, धार कधी लावली, मान कधी फिरवली. मी ते वाचून तुझं कौतुक केलं होतं, की भाऊ किती बारकाईने लिहितो!

तेवढ्यात दाराआडून ती म्हणाली, “हे नव्हते, बाबा.” आणि लगेच नवऱ्याला, “अहो, लुटारूच होते. हकीमबाबांचं वय झालं. रोज इतकी नाकं बघतात, एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटवतात. तुम्ही हातपाय धुवा.”

तो हसला. मला म्हाताऱ्याला हसून त्याने हातपाय धुतले.

पुढचं तिने परसिन्नीला चुलीपाशी सांगितलं. तुमच्या गल्लीतला रंगारी दुपट्टा परत द्यायला आला होता. केशरी सांगितलेला, निघाला वांग्याच्या रंगाचा. ती हसली, तोही हसला. जिन्यावरून तू बघितलंस. एवढंच. तू कापताना मामीने तिचे पाय दाबून धरले होते हेही तिने सांगितलं, पण ते सांगताना म्हणाली, “मामीचा दोष नाही, ती दादाचंच खाते.”

मी ठाण्यात जायला निघालो होतो. पागोटं बांधलं होतं. पोरीने उंबऱ्यात आडवी होऊन मला देवीची शपथ घातली. म्हणाली, “यांना कळलं तर हे दादाला जिवंत ठेवणार नाहीत, आणि सरकार यांना फासावर देईल. माझं नाक गेलं, आता माणूसही घालवू का?” मी पागोटं सोडलं. शपथ मी पाळणार आहे. तू निश्चिंत राहा. तुझ्यासारख्याला निश्चिंत राहता येत असेल तर.

देठ अजून कापायचा होता. मी तिला म्हटलं, “बेटी, अजून वेळ आहे. नको असेल तर हे कातडं परत कपाळावर बसवतो. पण कपाळ एकदाच देतं. मग नाक कधीच नाही.”

ती दिवसभर अंगणात बसून होती. परसिन्नीने पुढ्यात पाण्याचं ताट ठेवलं होतं, त्यात बघायची आणि तोंड फिरवायची. सारखी हात वर नेऊन नाकाला लावायची आणि झटक्याने काढून घ्यायची. मी आयुष्यभर नाकं केली, गोकलचंद, पण आपल्या हातच्या कामाची मला पहिल्यांदाच किळस आली. पसरट, टोक झुकलेलं, डावी नाकपुडी मोठी. इतकं हुबेहूब मला पूर्वी कधी साधलं नव्हतं. माझ्या घराचा नियम, आणि मी तो पाळला. कुणी कापलं ते विचारलं नाही, आणि कापणाऱ्याचंच नाक तिच्या तोंडावर शिवलं.

दिवस कलता ती म्हणाली, “कापा, बाबा. यांना बिननाकाच्या बायकोबरोबर पलटणीत राहता येणार नाही. मी आरसा ठेवणार नाही, झालं.”

परवा देठ कापला. बोळे काढले, तोंड धुतलं आणि रलियाला आत बोलावलं. तो लहान मुलासारखा टाळ्या पिटत म्हणाला, “अगं, हा तर आपला गोकलदादा! मी भीत होतो, तू कुणी परकी दिसशील. हे तर घरचंच नाक!”

ती ओढणी पुढे ओढून म्हणाली, “हो. घरचंच.”

नथ अजून घालता येणार नाही, सहा महिने तरी. ते मी त्याला सांगितलं. तुला सांगण्यासारखं आता काही उरलं नाही.

सरनू


अमृतसर,
कतक ५

हकीमजी,

आपल्या पत्राला चार महिने उत्तर लिहिले नाही. काय लिहायचे? आपण लिहिले ते खरे आहे. मी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपत होतो. त्या दिवशी जिन्यावर माझ्या डोक्यात काय शिरले ते मला आजही सांगता येत नाही. लोक काय म्हणतील, एवढेच होते. अजून कुणी काही म्हटलेही नव्हते.

आज लिहितो ते वेगळ्या कारणासाठी. रलियाची पलटण लाहोरला आली आणि तिथून रजा काढून तो बिशनीला घेऊन माझ्याकडे उतरला आहे. मी नको म्हणू शकलो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? तो आल्याआल्या माझ्या गळ्यात पडला. म्हणाला, “दादा, तुमचे उपकार सात जन्म फिटणार नाहीत.” मग त्याने तिला माझ्यासमोर बसवले, स्वतःच्या हाताने तिची ओढणी मागे केली आणि माझ्या बायकोला हाक मारली, “वहिनी, बघा, सही न् सही! दोघांना शेजारी बसवून बघा!”

सगळे बघायला आले. शेजारच्या बायका आल्या. मामी आली आणि दारातूनच परत फिरली. माझी पाच वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर चढली, तिच्या नाकाला बोट लावले, मग येऊन माझ्या नाकाला लावले, आणि म्हणाली, “आत्या, तू बाबांचं घेतलंस? मग बाबांनी तुझं कुठे ठेवलं?” सगळे हसले. रलिया तर डोळे पुसेपर्यंत हसला.

बिशनी हसली नाही. मला वाटले, आता बोलेल. बोलली असती तर बरे झाले असते. तिने माझ्याकडे पाहिले. हकीमजी, डोळे आईचे आहेत, आणि त्यांच्या खाली मी आहे. ती म्हणाली, “दादा, जेवून घे. वाढते.” आणि तिनेच वाढले. रोज तीच वाढते. महिनाभर ते इथे राहणार आहेत.

मी गेले आठ दिवस दाढी केलेली नाही. न्हावी आरसा पुढे करतो तेव्हा मला तीच दिसते. कोठीत नवे गिऱ्हाईक आले की माझ्या तोंडाकडे बघते असे वाटते. काल मी तिला जिन्यात गाठून म्हटले, “बिशनी, मला शिव्या दे, थुंक माझ्यावर.” ती म्हणाली, “वाट सोड, दादा. दूध उतू जाईल.”

म्हणून आपल्या पाया पडून एक विचारतो. माझे नाक बदलता येईल का? कसेही करा, दुसऱ्या कोणत्याही आकाराचे. माझे कपाळ चांगले रुंद आहे. त्यावर व्रण राहील तो राहू दे, दुखेल ते दुखू दे, अफूही देऊ नका. तिच्या तोंडावरचे तिला राहू दे, पण निदान माझ्या तोंडावर ते नसावे. मी लगेच निघायला तयार आहे. नाही म्हणू नका.

गोकलचंद


कांगडा,
कतक १७

गोकलचंद,

पत्र पोचलं. परसिन्नीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, उत्तर देऊ नका. पण मी आजवर रोग्याचं पत्र बिनउत्तराचं ठेवलेलं नाही, आणि तू आता रोगीच झाला आहेस.

इकडे एक बदल झाला आहे. जेठापासून मी कुणी कापलं ते विचारायला लागलो. बापाचं म्हणणं खोटं नव्हतं. माणसं कमी येतात. एक नवरा बायकोला भर दुपारी उठवून परत घेऊन गेला. तिचं काम झालं नाही, आणि ती आता कुठे आहे मला ठाऊक नाही. म्हणजे विचारलं तरी पाप, न विचारलं तरी पाप. तुझ्या बहिणीने मला म्हातारपणी हे दिलं.

आता तुझ्या विनंतीचं. धडधाकट नाकाला आमच्या घरात वस्तरा लावत नाहीत. आधी ते कापलेलं असावं लागतं. ते काम कसं करतात, हे तू मला बैसाखात बारकाईने लिहून कळवलंच आहेस.

तसं करून आलास तर दार लावून घेणार नाही. कपाळ बघेन, अफूही देईन. पण माप मी रक्ताच्या माणसाचंच घेतो, आणि तुला सख्खी बहीण एकच आहे. तिला बरोबर घेऊन ये.

सरनू